जात्यापलीकडचा हात



जनाबाईची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. विठ्ठलाचं पदक चोरल्याचा आळ आला, सुळावर द्यायला नेलं आणि सुळाचं पाणी झालं. चमत्कार तेवढा आपल्या ध्यानात राहतो. मला आज तिच्या दळणाविषयी बोलायचं आहे.

जनी आपल्या मराठवाड्याची. पैठणहून पुढे जाणाऱ्या गोदेच्या काठचं गंगाखेड हे तिचं गाव. लहानपणीच ती पंढरपुरात संत नामदेवांच्या वडिलांकडे, दामाशेटींकडे आली आणि त्यांच्या घरची दासी म्हणूनच जगली. तिच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. त्यांत दळण-कांडण आहे, विठ्ठलाशी चक्क भांडणही आहे. गोपाळपुरात तिचं जातं आजही दाखवतात.

त्या जात्याशी येऊन विठ्ठल करतो काय? दळू लागतो. तिचं दळण नाहीसं करत नाही, तिचं दासीपणही संपवत नाही.

जात्यावर बसलेल्या आयाबायांना हे लगेच कळेल. एकटीनं दळलं की खांदे भरून येतात. समोर दुसरी बसली, खुंट्याला तिचा हात लागला, की ज्वारी तेवढीच राहते, पण दगड हलका फिरतो. पहाटेच्या अंधारात तिचा चेहरा दिसत नाही, घरघरीत शब्द ऐकू येत नाही. ती आहे, हे खुंट्याच्या ओढीवरूनच समजतं.

पीक हातचं गेलेला शेतकरी किंवा शहरातल्या अभ्यासिकेत बसून यंदाही निकालाच्या यादीत नाव न आलेलं पोर म्हणतं, देवानं पाठ फिरवली. अरे बाळांनो, संकट टळलं नाही म्हणजे देव आलाच नाही, हा कुठला हिशेब? काल अंथरुणातून उठवत नव्हतं, आज उठून चूल पेटवलीत. ती ओढ कुणाची? पुन्हा सांगते, दळण तेवढंच राहतं. खुंट्याची ओढ तेवढी ओळखा. देवावर रागवायचं तर खुशाल रागवा. जनीही रागावली, पण खुंटा तिनं सोडला नाही.

आणखी एक. तो पलीकडचा हात पुष्कळदा माणसाचाच असतो. एवढंच करा, ओळखीतलं कुणी खचलं असेल तर उपदेश नको. उद्या सकाळी त्याच्या घरी जा आणि त्याच्या कामाला हात लावा.