मृत्युपत्रे, चर्चच्या नोंदी आणि एक माहेर



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकविला. म्हणून इतिहासातील एक लहानसाच प्रश्न मी आज आपणांपुढे मांडीत आहे. जिच्या जन्माची नोंद नाही आणि विवाहाचीही नाही, अशा स्त्रीचे माहेर सिद्ध कसे करावयाचे? ही स्त्री म्हणजे विल्यम शेक्सपिअरची पत्नी अ‍ॅन.

आपल्याकडील कुलवृत्तान्तांना तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा आधार असतो. इंग्लंडात तेच काम मुख्यत्वे दोन साधनांवर चालते. पहिले साधन पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील वस्तीची, नोंदवही. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मे, विवाह व दफने नोंदविण्याची आज्ञा केली. पुढे १५९८ मध्ये जुन्या वह्या चर्मपत्रावर उतरवून घेण्याचे ठरले; मात्र विशेष भर एलिझाबेथच्या राज्यारोहणापासूनच्या, म्हणजे १५५८ नंतरच्या, नोंदींवर राहिला. त्यामुळे कित्येक गावांची आधीची पाने कायमची गेली. दुसरे साधन मृत्युपत्र. नोंदवही नाव व दिवस सांगते. मृत्युपत्र नाते, देणेघेणे आणि विश्वास सांगते.

स्ट्रॅटफर्डच्या होली ट्रिनिटी चर्चची उपलब्ध वही १५५८ पासून सुरू होते. तीत २६ एप्रिल १५६४ रोजी विल्यमच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. अ‍ॅनची नाही. तिच्या थडग्यावरील लेखानुसार ती १६२३ मध्ये सदुसष्टाव्या वर्षी वारली. म्हणजे तिचा जन्म वही सुरू होण्यापूर्वीचा. विवाहाची नोंदही कोणत्याच वहीत सापडलेली नाही. उपलब्ध आहे ते २८ नोव्हेंबर १५८२ चे, विवाहाच्या परवान्यासाठी वूस्टरच्या बिशपकडे दिलेले ४० पौंडांचे हमीपत्र. त्यात वधू 'स्ट्रॅटफर्डची अ‍ॅन हॅथवे' अशी आहे. आदल्या दिवशीच्या परवान्याच्या नोंदीत मात्र 'टेंपल ग्राफ्टनची अ‍ॅन व्हॅटली' असे नाव पडले आहे. बहुतेक अभ्यासक ही कारकुनाची चूक मानतात. पण एकाच कागदावर विसंबणाऱ्याला या एका ओळीतून एक निराळीच स्त्री उभी करता येते, आणि तशी ती केली गेलीही आहे.

आता शॉटरी या जवळच्या खेड्यातील शेतकरी रिचर्ड हॅथवे याचे १५८१ चे मृत्युपत्र पाहा. त्यात 'अ‍ॅन' नावाची मुलगी नाहीच! 'अ‍ॅग्नेस' आहे, आणि तिला लग्नाच्या दिवशी १० मार्क, म्हणजे ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स, द्यावयाचे आहेत. त्या काळी ही दोन्ही नावे एकमेकांच्या जागी सर्रास वापरीत. पण एवढ्याने पुरावा होत नाही. नाव जुळणे आणि नाते जुळणे यांत फार अंतर आहे.

ते अंतर भरून काढतात शेजारी. हमीपत्रावरील जामीनदार दोन : फुल्क सँडल्स आणि जॉन रिचर्डसन. रिचर्डच्या मृत्युपत्राची देखरेख ज्यांच्यावर सोपविली होती, त्यांत हाच सँडल्स आहे; रिचर्डसन हा तर त्या मृत्युपत्राचा साक्षीदार. बापाने विश्वास टाकलेली माणसेच मुलीसाठी जामीन राहिली.

आणखी एक दुवा आहे. रिचर्डने आपला मेंढपाळ टॉमस व्हिटिंग्टन याचे ४ पौंड ६ शिलिंग ८ पेन्सचे देणे मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. या मेंढपाळाने १६०१ मध्ये स्वतःच्या मृत्युपत्रात स्ट्रॅटफर्डच्या गोरगरिबांस ४० शिलिंग दिले. ते पैसे कोणाकडे होते? विल्यम शेक्सपिअरची पत्नी अ‍ॅन हिच्या हाती, असे तो स्पष्ट लिहितो. हॅथवेंच्या घरचा मेंढपाळ आणि शेक्सपिअरची पत्नी एकाच वाक्यात भेटतात, आणि माहेराची साखळी जुळते.

पुढे १६१६ मध्ये शेक्सपिअरने मृत्युपत्र केले. त्यात पत्नीला दुय्यम प्रतीचा पलंग दिला आहे. तिचे नाव मात्र कोठेही नाही, केवळ 'माझी पत्नी' एवढाच उल्लेख आहे. जगातील एका थोर शब्दप्रभूने जे नाव लिहिले नाही, ते एका मेंढपाळाच्या कागदाने आपल्यासाठी राखून ठेवले.

वंशावळीत स्त्रिया बहुधा अशाच हरवतात, आणि सापडतात त्याही दुसऱ्या कोणाच्या तरी कागदात. म्हणून कुळाचा शोध घेणाऱ्याने केवळ आपल्या आडनावाचे कागद चाळून थांबू नये. शेजाऱ्यांचे, साक्षीदारांचे, चाकरमाणसांचे कागदही तितक्याच आदराने वाचावेत.