फेफरे आणि मेंदूचे चित्र
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आज येथे वधूवरांचा परिचय व्हावयाचा आहे. अशा प्रसंगी ज्या व्याधीचे नाव कुजबुजतच घेतले जाते, त्या फेफऱ्याविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

फेफरे ही ना भूतबाधा, ना पूर्वजन्मीचे पाप. मेंदूतील पेशींचा सूक्ष्म विद्युत्‌व्यवहार क्षणभर अनावर झाला की झटका येतो. बहुतेकांचे झटके नियमित औषधाने थांबतात. परंतु योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही ते थांबत नसतील, तर देवऋषीचे उंबरठे झिजविण्यात वर्षे दवडू नयेत. तेथे मेंदूचे चित्र काढून व्याधीचे मूळ शोधले पाहिजे.

एमआरआय यंत्र प्रबळ चुंबकाच्या साहाय्याने मेंदूचा थर न् थर दाखविते. कानशिलाच्या आत खोलवर, समुद्रघोड्याच्या आकाराचा, स्मृतीशी निगडित असा एक लहानसा भाग असतो. तो आकसलेला पुष्कळदा आढळतो. कधी पट्टकृमीच्या अळीची गाठ सापडते, तर कधी जन्मजात दोष. एमआरआयने उलगडा न झाल्यास, साखर कमी शोषणारा भाग पेट तपासणीत दिसतो. चित्र आणि ईईजीचा आलेख एकाच जागेकडे बोट दाखवू लागले, म्हणजे शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. कानशिलाकडील फेफऱ्याच्या 80 रुग्णांवर कॅनडात झालेला अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या गटातील 58 टक्के रुग्ण वर्षअखेर भान हरपविणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते; केवळ औषधांवरील गटात 8 टक्के.

ही विद्या आपल्या देशासही नवी नाही. वेल्लोर येथे डॉ. जेकब चांडी यांनी 1952 सालीच अशी शस्त्रक्रिया केली. आज मुंबईच्या केईएम रुग्णालयातही ती होते. बीड जिल्ह्यातील रुग्णाने अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात दाखवून पुढील मार्ग विचारावा.

आता विवाहाविषयी. हिंदू विवाह कायद्यात 1976 साली घातलेली अपस्माराची आडकाठी संसदेने 1999 साली काढून टाकली. कायद्याने सोडले ते आपण का धरून बसावे? व्याधी झाकून लग्न लावले, तर मुलीस गोळीही चोरूनच घ्यावी लागते. गोळी चुकली की झटका येतो, आणि दोष मात्र तिच्या माथी बसतो. म्हणून मुलीच्या पित्याने खरे सांगावे, वरपित्याने ते शांतपणे ऐकावे, आणि दोघांनी मिळून तिला तज्ज्ञाकडे न्यावे, एवढीच आमची विनंती.