शेजाऱ्याचे इंजेक्शन



पावसाळ्यात पेडण्याच्या भातशेतांत आणि डिचोलीच्या कुळागरांत दिवसभर चिखलात राबणाऱ्याला ताप भरतो. मग, 'शेजाऱ्याला ज्या इंजेक्शनाने गुण आला तेच द्या' अशी मागणी होते. मागणी साधी दिसते. पण शेजाऱ्याचे मूत्रपिंड निराळे असते.

१९४३ साली अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसीन सापडले आणि क्षयावर इलाज मिळाला. त्याच वर्गातील जेंटामायसीन १९६३ साली उजेडात आले. गंभीर जंतुसंसर्गात या प्रतिजैविकांनी असंख्य प्राण वाचविले आहेत. मात्र ती शरीरात मोडत नाहीत. जशीच्या तशी मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात.

दोन्ही मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात व त्यातील बहुतेक परत शोषून घेतात. हे काम करणाऱ्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी प्रथिने आत ओढतात, त्याच वाटेने औषधाचाही काही अंश आत शिरतो. रक्तातले औषध काही तासांत ओसरते. पेशींतले अनेक दिवस साचून राहते. साठा वाढला की पेशी मरू लागतात. तरीही हा अपाय शंभरांत साधारण दहा ते पंचवीस रुग्णांनाच होतो. वृद्ध, आधीच मूत्रपिंड दुबळे असलेले, उलट्याजुलाबांनी शरीरातील पाणी घटलेले आणि वेदनाशामक गोळ्या घेणारे यांना धोका अधिक. शेतात जडणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप तर स्वतःच मूत्रपिंडावर घाला घालतो. शिवाय उपजत फरकही असतो. कानाबाबत तो १९९३ साली स्पष्ट झाला: आईकडून मुलांना मिळणारा एक आनुवंशिक बदल ज्यांच्यात असतो, त्यांना याच औषधांच्या नेहमीच्या मात्रेनेही बहिरेपण येऊ शकते.

लघवी नीट होते म्हणजे सारे ठीक, हा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो फसवा आहे. या अपायात लघवीचे प्रमाण बहुधा घटत नाही; पाच-सात दिवसांनी रक्तातील क्रिएटिनीन तेवढे वाढते. त्यातही कृश वृद्धेच्या अंगात मांस कमी असल्याने तिचा आकडा मूळचाच लहान असतो आणि बिघाड झाकला जातो. म्हणूनच डॉक्टर वय व वजन विचारतात, पुन्हा रक्त तपासतात; ती निष्कारण दगदग नव्हे. औषध वेळीच थांबविल्यास मूत्रपिंड बहुधा सावरते, गेलेली श्रवणशक्ती सहसा परत येत नाही.

तेव्हा आरोग्य केंद्रात गेल्यावर जुना मूत्रविकार, मधुमेह, चालू असलेल्या गोळ्या आणि आईच्या माहेरी कोणाला इंजेक्शनानंतर ऐकू येईनासे झाले असल्यास तेही, विचारण्याची वाट न पाहता सांगावे.