कारणाशिवायचा प्रवास

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

बाई गावाबाहेर जाते ती कशासाठी, याची यादी करायला बसलो तर फार वेळ लागत नाही. माहेरपण, बाळंतपण, लग्न, मयत, दवाखाना, कोर्टाची तारीख, देवदर्शन. आपल्यासारख्या असतील तर त्यात शिबिरं आणि मोर्चे. यातल्या प्रत्येक प्रवासाला कारण आहे, आणि बहुतेक वेळा ते कारण दुसऱ्या कुणाचं तरी आहे. ‘मला जावंसं वाटलं म्हणून गेले’ हे कारण या यादीत कुठेच नाही. आज मला त्याच प्रवासाबद्दल बोलायचं आहे. एकटीनं, कमी पैशांत आणि कुणाचंही काम नसताना केलेल्या प्रवासाबद्दल.

तुमच्यातली कुणी म्हणेल, मारहाण, पाणी, मजुरी, रेशन हे प्रश्न समोर असताना ही चैन कुठून काढली? प्रश्न रास्त आहे. पण थोडं थांबून बघा. ऊसतोडीला जाणारी बीडची बाई दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर शेकडो किलोमीटर जाते. पाच-सहा महिने पालावर राहते, पोरं सांभाळते, परत येते. पश्चिम महाराष्ट्रातले, कर्नाटकातले रस्ते तिला पाठ असतात. तिनं प्रवास केला असं मात्र कुणी म्हणत नाही, तीही म्हणत नाही. पहाटे टोपली घेऊन निघणारी मासेविक्रेती, शहरात धुण्याभांड्याला लोकलनं येणारी बाई, रात्रपाळीची नर्स, सगळ्या रोज हिंडतात. म्हणजे बाई घराबाहेर पडण्याला समाजाची हरकत नाही. तिच्या कष्टाची गरज असेल तेव्हा तिला रात्रीचाही रस्ता मोकळा असतो. ती स्वतःसाठी निघाली की मग रस्ता धोक्याचा होतो. चैनीचा प्रश्न मला इथे दिसतो.

मुंबईतल्या स्त्रिया आणि सार्वजनिक जागा यांवर शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक २०११ मध्ये आलं. बाईला बाहेर असताना सतत आपण काही कामासाठी बाहेर आहोत असं दाखवावं लागतं, असं त्यांनी त्यात मांडलं आहे. हातात पिशवी, कानाला फोन, चालण्यात घाई. पुरुष नाक्यावर दोन तास उभा राहिला तर तो नुसता उभा असतो. बाई दहा मिनिटं उभी राहिली तर तिला कारण द्यावं लागतं. शहराबद्दल लिहिलेलं हे एसटी स्टँडलाही तंतोतंत लागू पडतं.

या जानेवारीत मी अलिबागहून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं गेले. एसटी आणि फेरीबोट, दुसरं वाहन नाही. मुरूडहून आगरदांडा, तिथून बोटीनं दिघी. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याला सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वी. पुढे दापोली, दाभोळ, वाशिष्ठी ओलांडून धोपावे, गुहागर. शेवटी तवसाळहून बोटीनं जयगड आणि गणपतीपुळ्यावरून रत्नागिरी. पाच दिवस, चार रात्री, चार खाड्या. खर्च साडेचार हजारांच्या आत, त्यातला निम्म्याहून जास्त राहण्याचा. ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशा पाट्या किनाऱ्यावर गावोगाव आहेत. दिवसा एकदा पोटभर जेवायचं, संध्याकाळी केळी आणि चहा. एसटीचं तिकीट अर्धं.

या अर्ध्या तिकिटाबद्दल थोडं बोलू. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीच्या सर्व प्रकारच्या बसमध्ये स्त्रियांना निम्मं भाडं लागतं. दिल्लीनं २०१९ मध्ये, तमिळनाडूनं २०२१ मध्ये आणि कर्नाटकानं जून २०२३ मध्ये साध्या सरकारी बसचा प्रवास स्त्रियांना मोफत केला. आपल्याकडे सवलत सुरू झाल्यावर पुरुषांची तक्रार काय होती? ‘बायकांनी गाड्या भरून टाकल्या, काम ना धाम.’ श्रीवर्धनच्या गाडीत एका गृहस्थांनी हेच माझ्यासमोर ऐकवलं. शेजारच्या म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, “भरल्या तर भरल्या. इतकी वर्षं रिकाम्या होत्या का?” मला ते वाक्य कुठल्याही आकडेवारीपेक्षा पटलं. गाड्या तेव्हाही भरलेल्याच होत्या, फक्त त्यांत आपण कमी होतो. तिकीट निम्मं झालं आणि बायका दिसू लागल्या, याचा अर्थ त्यांना कुठे जायचंच नव्हतं असं नाही, हातात पैसा नव्हता. घरात पैसा असला तरी तो मागावा लागतो, आणि मागितला की कारण सांगावं लागतं.

आता वाटेवरचे प्रश्न. ‘एकट्याच?’ हा पहिला. कंडक्टर विचारतो, शेजारीण विचारते, चहावाला विचारतो. त्यानंतर ‘मिस्टर कुठं असतात?’ आणि मग ‘मुलं किती?’ सुरुवातीला मला याचा राग येई. हळूहळू लक्षात आलं की विचारणाऱ्या बायकांच्या प्रश्नात दोन जाती आहेत. एक पारख करणारी आणि दुसरी चौकशी करणारी. दाभोळच्या धक्क्यावर बोटीची वाट बघताना एका बाईनं विचारलं, “एकट्याच हिंडता? भीती नाही वाटत?” मी म्हटलं, कधी वाटते, कधी नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “राहायला किती घेतात?” हा प्रश्न माझ्यासाठी नव्हता, तिच्या स्वतःसाठी होता. मी तिला सगळा हिशेब सांगितला. प्रत्येक गाडीत अशी एखादी भेटतेच. म्हणून मी आता या प्रश्नांना टाळत नाही. खर्च आणि गाड्यांच्या वेळा सरळ सांगते.

राहण्याचा प्रश्न मात्र खरा कठीण. एका गावात एका लॉजवाल्यानं खोली रिकामी असूनही नाही म्हटलं. ‘एकट्या लेडीजला देत नाही, पोलिसांचा त्रास होतो.’ मैत्रिणींनो, हे ऐकून मागे फिरू नका. ओळखपत्र असलेल्या सज्ञान बाईला केवळ एकटी म्हणून खोली नाकारा, असं सांगणारा कायदा नाही. राज्यघटनेच्या कलम १९ नं देशात सर्वत्र मुक्तपणे संचार करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे, त्यात ‘सोबत पुरुष असल्यास’ अशी अट नाही. मी त्याला म्हटलं, पोलिसांनी तसं सांगितलं असेल तर लेखी दाखवा. त्यानं खोली दिली नाहीच, पण दोन गल्ल्या पलीकडच्या एका काकूंचं घर दाखवलं. तिथे उत्तम सोय झाली.

त्या काकूंनी चहा देताना आधी माझं आडनाव विचारलं. माझं आडनाव त्यांच्या स्वयंपाकघराला चालण्यासारखं होतं, म्हणून सोय उत्तम झाली. आपल्याच संघटनेतली एक दलित कार्यकर्ती आणि एक मुस्लिम कार्यकर्ती सांगतात, की आडनाव सांगितल्यावर खोली ‘आत्ताच भरली’ असं त्यांनी किती वेळा ऐकलं आहे. तेव्हा एकट्या बाईचा प्रवास म्हणताना सगळ्या बायकांना एकाच गाडीत बसवू नका. माझ्यासमोर एक दार बंद होतं, तिच्यासमोर तीन. प्रवासाच्या हक्काबद्दल बोलायचं तर त्या तिन्ही दारांबद्दल बोलावं लागेल.

दुसरी अडचण आपण बोलायला लाजतो ती संडास-मुतारीची. लांबच्या प्रवासात बायका पाणी पीत नाहीत. मुतखडा झाला, जंतुसंसर्ग झाला, तरी पीत नाहीत. पाळी असेल तर प्रवासच रद्द. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ या नावानं मोहीम चालली. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकानं केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१५ मध्ये निकाल दिला आणि रस्त्यांवर स्त्रियांसाठी स्वच्छतागृहं व विश्रांतीची सोय करण्याबाबत महापालिकांना निर्देश दिले. निकाल आहे, पण स्टँडवर जाऊन बघा. दाराला कडी आहे का, दिवा आहे का, पाणी आहे का? हिरकणी कक्षाची पाटी असते आणि खोलीला कुलूप असतं. ही कुलपं आपण मोजायला हवीत.

भीतीबद्दल बोललं नाही तर हे भाषण खोटं ठरेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट स्थानकाच्या आवारात, उभ्या एसटीत, पहाटे एका तरुणीवर बलात्कार झाल्याची तक्रार नोंदली गेली. त्यानंतर किती घरांत मुलींना सांगितलं गेलं असेल, की पहाटेच्या गाडीनं जायचं नाही? आईबापांची भीती मी खोटी म्हणत नाही. पण उभ्या गाड्या उघड्या का, आवारात अंधार का, पहारेकरी कुठे होता, हे प्रश्न महामंडळाला विचारायचे असतात. मुलीला घरी बसवून ते सुटत नाहीत.

आणि घर म्हणजे तरी काय? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात स्त्रियांविरुद्धचे ४ लाख ४५ हजारांहून जास्त गुन्हे नोंदले आहेत. त्यातला सर्वांत मोठा वाटा, ३१ टक्क्यांहून अधिक, नवऱ्यानं आणि नातेवाइकांनी केलेल्या छळाचा आहे. आपल्या केंद्रावर येणाऱ्या बाईला विचारा, तिला रस्त्यावर कुणी मारलं. ती सांगेल, रस्त्यावर तर मी पळून आले. म्हणून जिवाची काळजी घ्या, पण ‘घरात राहिलीस तर सुरक्षित’ या हिशेबावर विश्वास ठेवू नका.

काही गोष्टी मात्र प्रत्येकीला माहीत हव्यात. संकटात ११२, रेल्वेत १३९. लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांत स्लीपर वर्गात एकट्यानं किंवा फक्त स्त्रियांच्या गटानं जाणाऱ्यांसाठी सहा बर्थचा कोटा असतो, तिकीट काढताना तो मागा. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १३९ सांगतं, की सोबत पुरुष नसलेल्या बाईकडे तिकीट नसलं तरी तिला वाटेल त्या स्टेशनवर, रात्री उतरवता येत नाही. तिनं जिथून प्रवास सुरू केला ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, आणि तेही दिवसा. तिकीट काढूनच जा, पण हे कलम पाठ ठेवा. तिकीट हरवलं, चोरीला गेलं तर कामाला येईल.

आपल्या आधी निघालेल्या बायका आहेत. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये नवऱ्याला मागे ठेवून कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला निघाल्या. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर आणि आपल्या प्रवासावर मराठीत पुस्तक लिहिलं, ते १८८९ मध्ये प्रसिद्ध झालं. आणि ज्यांची नावं कुठे छापली गेली नाहीत अशा लाखो बायका पिढ्यान् पिढ्या आळंदीहून पंढरपूरला चालत गेल्या. वारीला जाणाऱ्या बाईला सासू अडवत नाही, कारण तिला विठ्ठलानं बोलावलेलं असतं. मी वारकरी बायकांशी बोलले आहे. विठ्ठल तर आहेच. पण तीन आठवडे चूल पेटवायची तर ती दिंडीची, सगळ्यांबरोबर, आणि रात्री आडवं झाल्यावर कुणी हाक मारत नाही, हेही त्या सांगतात. त्यांनी आपली सुट्टी देवाच्या नावावर मिळवली. आपल्याला ती आपल्या नावावर मागता आली पाहिजे.

एकटीच्या प्रवासात मिळतं काय? फार मोठं काही नाही. खिडकीजवळची जागा मिळते. भूक लागली की जेवायचं आणि आपल्याला आवडतं ते मागवायचं. आपल्यातल्या कित्येकींना हॉटेलात ‘तुला काय हवं?’ असं विचारलं तर सांगता येत नाही, कारण तो प्रश्न कुणी विचारलेला नसतो. वेश्वीच्या बोटीवर मी पाऊण तास नुसतं पाणी बघत होते, एक बोट सोडून दिली आणि दुसरीनं गेले. कुणाचा खोळंबा झाला नाही. चाळिशी उलटून गेलेल्या बाईला हे पहिल्यांदा जमत असेल तर ती चैन नव्हे, थकबाकी आहे.

म्हणून शेवटी तीन कामं सुचवते. पहिलं, आपले बचत गट शेळीला, शिलाई मशीनला, लग्नाला, आजारपणाला कर्ज देतात. त्यांत एक प्रवासभिशी सुरू करा. महिन्याला पन्नास रुपये, आणि जिची चिठ्ठी निघेल तिनं वर्षाच्या आत कुठेतरी जाऊन यायचं, कारण न सांगता. दुसरं, ज्या कार्यकर्त्यांच्या घरी एका बाईला एक रात्र अंथरूण मिळेल अशा घरांची वही करा, आणि त्या घरात आडनाव विचारायचं नाही हा नियम पहिल्या पानावर लिहा. तिसरं, आपापल्या तालुक्याच्या स्टँडवर चार जणींनी सूर्यास्तानंतर जाऊन दिवे, कड्या, पाणी आणि कुलपं मोजा आणि ती यादी आगारप्रमुखांना पोच घेऊन द्या. दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.

वही मी आणली आहे. पहिलं घर माझं लिहिलं आहे. जेवणाच्या सुट्टीत तुमची सांगा.