कपाट मागूनही पाहा

(सुतारकाम वर्गाच्या प्रमाणपत्र-वाटपाच्या वेळी प्रशिक्षकांनी केलेले भाषण)



मला भाषण येत नाही, म्हणून मुलांनी केलेले हे कपाटच पुढे ठेवतो. वसतिगृहातील औषधांसाठी ते केले आहे.

पुढून पाहा. दर्शनी चौकटीवर एकही स्क्रू दिसत नाही. चौकट कपाटाला बसवण्याआधी मागून पाहिली असती, तर आडव्या पट्ट्यांच्या प्रत्येक टोकाला दोन तिरपी भोके दिसली असती. शेजारी तशीच एक सुटी चौकट ठेवली आहे. जिग नावाचा साचा पट्टीवर आवळून, सुमारे १५ अंशांच्या तिरकसपणाने ती पाडतात. १९ मिलिमीटर जाडीच्या पट्टीला ३२ मिलिमीटरचा स्क्रू लागतो. कठीण लाकडाला बारीक आट्यांचा, मऊ लाकडाला जाड आट्यांचा.

पहिल्या तुकडीला मी हे घाईत शिकवले. एका मुलाने भोके उभ्या पट्ट्यांत पाडली. मी चौकट पुढूनच पाहिली आणि "छान" म्हणालो. दोन महिन्यांत सांधा ढिला झाला, दार लोंबू लागले आणि गिऱ्हाइकाने कपाट परत पाठवले. त्याचे ते पहिलेच काम होते. तो वर्गाला येईना. मी पाड्यावर गेलो, तेव्हा त्याची आई म्हणाली, "सर, पोराला वाटतं, आपल्याला हे जमायचंच नाही."

मी त्याला सांगितले, "बाळा, चूक माझी. मी मागून पाहिलंच नाही." भाताच्या पेंढीत टोकाकडून काडी खुपसली, तर ती सहज निघून येते. आडव्या पट्टीच्या टोकात शिरलेल्या स्क्रूचे तसेच होते. तो लाकडाच्या रेषांना समांतर जातो आणि पकड कमी मिळते. भोके आडव्या पट्टीत पाडली, की स्क्रू उभ्या पट्टीच्या कडेत, रेषांना आडवा शिरतो आणि घट्ट बसतो.

आम्ही दोघांनी नवी चौकट केली. पट्ट्यांची टोके गुण्या लावून काटकोनात कापली. सांध्याला गोंद लावला. दोन्ही पट्ट्या एका पातळीत राहाव्यात म्हणून क्लॅम्प आवळला, मगच स्क्रू पिळला. तोही बेताने, नाहीतर मऊ लाकडात आटे झिजतात. शेवटी दोन्ही कर्ण मोजले. ते सारखे भरले, म्हणजे चौकट काटकोनात आहे. खुर्चीच्या पायाला मात्र आजही मी कुसू-खाचेचाच सांधा शिकवतो. चौकटीला मागून कपाटाचा आधार असतो, पायाला नसतो.

आज हे कपाट त्याच मुलाने तपासले आहे. चौकट बसवण्याआधी, आणि तीही मागून.

बंधुभगिनींनो, आपण वर्गाला हत्यारे दिलीत, आभारी आहोत. आता एकच विनंती आहे. या मुलांना काम द्या, पण दया म्हणून नको. कपाट मागूनही पाहा, चूक असेल तर सांगा, आणि बरोबर असेल तर बाजारातल्या सुताराला देता तेवढीच मजुरी द्या.