अँडीजमधला उंचीचा हिशेब



दक्षिण अमेरिकेला निघालोय म्हटल्यावर घरात तीन प्रश्न आले. कुठल्या टूरबरोबर? ग्रुपमध्ये ओळखीचं कोण? आणि जेवणाचं काय? टूर नाही, ग्रुप नाही, आम्ही दोघंच, पाठीवर एकेक सॅक आणि फिरायचं तिथल्या एसटीनं, असं सांगितल्यावर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला कोणी थांबलंच नाही. "या वयात?" एवढंच सासूबाई म्हणाल्या. त्या स्वतः ऐंशीच्या पुढे, तेव्हा तसं म्हणायचा अधिकार त्यांना होता.

पेरूत लिमाहून सुरुवात, मग बोलिव्हिया, तिथून चिली आणि शेवट अर्जेंटिनात, ब्वेनोस आयरेसला. अँडीज पर्वताची रांग या खंडाच्या पश्चिम कडेनं सुमारे ७००० किलोमीटर पसरली आहे आणि आमची बरीचशी वाट तिच्याच अंगाखांद्यावरून जाणारी होती. आखणी करायला बसलो तेव्हा नवऱ्यानं वहीत गावांची नावं लिहिली आणि प्रत्येक नावापुढे उंची. लिमा, समुद्रकाठ. आरेकिपा, २३०० मीटर. कुस्को, ३४००. तितिकाका सरोवर, ३८००. ला पास, ३६००. पोतोसी, ४००० च्या वर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे अडीच कळसूबाई एकावर एक रचली की पोतोसीची भाजीमंडई येते, आणि तिथं बायका पाठीला पोर बांधून चढावर भराभर चालत असतात.

पुढे सगळा प्रवास त्या वहीवर चालला. व्हिसा, सीमा, परकीय चलन हे सगळं निभावतं. उंची मात्र कुणाचं ऐकत नाही. ३६०० मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानानं दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. श्वास तेवढाच मोठा, पण त्यातला प्राणवायू कमी. डोकं ठणकतं, अन्न जात नाही, झोप तुटते. तिथं याला 'सोरोचे' म्हणतात आणि उपाय म्हणून कोकाच्या पानांचा चहा पुढे करतात. चवीला काहीसा गवती, बरा लागतो. पण ती पानं आठवण म्हणून सॅकमधून आणू नका, आपल्या अमली पदार्थांच्या कायद्यात कोकाचं पानही येतं.

बऱ्याच टूर लिमाहून विमानानं थेट कुस्कोला नेतात. सकाळी समुद्रकाठी, दुपारी ३४०० मीटरवर. मग पहिला दिवस हॉटेलच्या छताकडे बघण्यात जातो. आम्ही लिमाहून रात्रंदिवसाच्या बसनं आरेकिपाला गेलो. एका बाजूला प्रशांत महासागर, दुसऱ्या बाजूला वाळवंट आणि मधून रस्ता, हे दृश्य तासन् तास बदलत नाही. आरेकिपा ज्वालामुखीच्या पांढऱ्या दगडात बांधलेलं देखणं गाव. तिथं मुक्काम करून, फुप्फुसांना सवय लावून मग वर चढलो.

तरीही कुस्कोत नवरा आडवा झाला. सह्याद्रीतले निम्मे किल्ले पायाखाली घातलेला माणूस ब्लँकेट ओढून पडलेला आणि गुडघ्याला पट्टा लावलेली मी गावभर हिंडतेय. उंची कोणाला बाधेल याचा तंदुरुस्तीशी फारसा संबंध नसतो, हे पुस्तकात वाचलं होतं. ते असं समोर येईल असं वाटलं नव्हतं. "अगं, मला एकट्याला टाकून जातेस?" असं तो म्हणाला खरा, पण आमचं ठरलेलं होतं. ज्याला बरं नाही तो झोपणार, दुसऱ्यानं उगाच उशाशी बसून दिवस घालवायचा नाही. मात्र डोकेदुखी वाढली, चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी दम लागला, तर दुसऱ्यानं कुणाचंही न ऐकता खाली उतरवायचं. तशी वेळ आली नाही.

तर मी हिंडत होते ती कुस्कोच्या बाजारात. श्रोतेहो, तिथं मला चतुर्थीच्या उपासाची थाळी सापडली. बटाट्यांचे ढीग: जांभळे, काळे, बोटाएवढे, गाठीगाठींचे. अँडीजमध्ये बटाट्याचे ४००० हून जास्त प्रकार आहेत आणि माणसानं बटाटा लावायला सुरुवात केली ती याच तितिकाकाच्या परिसरात. शेजारी शेंगदाणे, त्यांचं मूळ दक्षिण बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या पट्ट्यात. मिरच्यांचं मूळही याच खंडात. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कसावाही इथलाच, टोपलीत मातीसकट पडलेला. पलीकडे राजगिऱ्याचा सख्खा भाऊ, लाह्या फोडून ठेवलेला. तूप, जिरं आणि कोथिंबीर सोडली तर आपली साबुदाण्याची खिचडी सबंध दक्षिण अमेरिकेची आहे. पोर्तुगीज जहाजांची वाट उघडण्याआधी आपल्याकडे उपासाला लोक काय खात होते, यावर कुणीतरी सविस्तर लिहायला हवं.

याच बाजारात पांढरे, हलके, प्यूमिस दगडासारखे गोळे विकायला होते. तो 'चुन्यो', वाळवलेला बटाटा. जून-जुलैच्या कडाक्याच्या थंडीत बटाटे रात्री उघड्यावर पसरतात, ते गोठतात. दिवसा उन्हात सैल झाले की घरची माणसं त्यावर पायांनी नाचतात आणि पाणी काढून टाकतात. पुन्हा गोठवायचं, पुन्हा तुडवायचं. असा वाळवलेला बटाटा वर्षानुवर्षं टिकतो. इंका राजांची धान्यकोठारं यानं भरलेली असत. सूपमध्ये घालतात. चव? प्रामाणिकपणे सांगायचं तर इतिहास जास्त, चव कमी.

माचू पिच्चूबद्दल मी फार बोलत नाही, त्याचे फोटो तुम्ही पाहिलेले आहेत. ते कुस्कोपेक्षा हजारएक मीटर खाली आहे, एवढं ध्यानात ठेवा; तिथं श्वास मोकळा होतो. मला कुस्कोतल्या भिंतीच जास्त आवडल्या. इंकांच्या सूर्यमंदिराच्या पायावर स्पॅनिशांनी मठ उभारला. १९५० च्या भूकंपात मठाचा बराच भाग कोसळला आणि खालची, चुना न लावता दगडाला दगड बसवलेली इंका भिंत जागची हलली नाही.

पेरूतून बोलिव्हियात शिरलो ते तितिकाकाच्या काठानं. पुढे तिकिना नावाची सरोवराची अरुंद खाडी लागते. तिथं कंडक्टरनं सगळ्यांना खाली उतरवलं, एका छोट्या लाँचमध्ये बसवलं आणि आमची बस एका लाकडी तराफ्यावर चढली. "अहो, बस निघाली पाण्यातून!" मी ओरडले. सॅक तिच्या पोटात. तराफा झुलतोय, बस त्याच्यावर झुलतेय, चालक टोपी डोळ्यांवर ओढून निवांत. पलीकडे पोचल्यावर बस आली, सगळे चढले, कुणाला काही विशेष वाटलेलं नव्हतं. याच सरोवरात बोलिव्हियाचं नौदल आहे. समुद्रकिनारा या देशानं चिलीबरोबरच्या १८७९ साली सुरू झालेल्या युद्धात गमावला, पण नौदल ठेवलं आणि दरवर्षी २३ मार्चला समुद्राचा दिवसही पाळतात.

ला पास हे शहर एका खोल वाडग्यासारख्या दरीत आहे. वरच्या काठावर एल आल्तो, ४००० मीटरच्या वर, तिथं कष्टकऱ्यांची वस्ती. जसजसं खाली यावं तसतशी घरं मोठी होत जातात आणि तळाला श्रीमंत. तिथं ऊब जास्त, हवा दाट. मुंबईत मलबार हिलवर राहायला पैसे मोजावे लागतात, इथं तळाला. २०१४ पासून ही दोन टोकं रोपवेनं जोडली आहेत आणि तो रोपवे गंमतीचा नाही. आपल्या लोकलसारखा ऑफिसला जाण्याचा आहे. डब्यात समोर गोल हॅट आणि घेरदार झग्यातल्या आजी भाजीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसलेल्या, खाली कपडे वाळत घातलेल्या गच्च्या.

जेवणाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं ना? हॉस्टेलमध्ये स्वयंपाकघर असतं आणि आमच्याजवळ तूरडाळ होती. ला पासमध्ये पहिल्या संध्याकाळी डाळ चढवली. तास गेला, सव्वा तास गेला, डाळ दाणा न् दाणा सुटी. तिथं पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्याच्यावर ते तापतच नाही, गॅस कितीही मोठा करा. कुकरशिवाय वरण अशक्य. शेवटी अंडी उकडली, तीही वेळ घेऊन. बाहेर खायचं तर दुपारचं ठरावीक जेवण स्वस्त असतं: किन्वाचं सूप, भात, बटाटा. पण मांस नको म्हटलं तर कोंबडी येते, कारण त्यांच्या लेखी कोंबडी मांसात मोडत नाही. कोंबडीही नको, मासाही नको, असं एकेक नाव घेऊन सांगावं लागतं.

आणि भांडणं. सगळ्यात जास्त भांडणं ३५०० मीटरच्या वर झाली. झोप नसते, पोट रिकामं असतं आणि टर्मिनलवर दहा जण दहा गावांची नावं ओरडत असतात. आम्ही नियम केला: एक दिवस तुझा, एक दिवस माझा. ज्याचा दिवस असेल तो बस ठरवणार, खोली ठरवणार, आणि दुसऱ्यानं संध्याकाळपर्यंत "मी म्हटलं नव्हतं?" म्हणायचं नाही. चाळीसएक वर्षांच्या संसारात हा नियम आधी का सुचला नाही, कोण जाणे.

पोतोसीला १५४५ साली चांदीचा डोंगर सापडला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथली वस्ती दीड लाखाच्या घरात होती, तेव्हाच्या जगातल्या मोठ्या शहरांच्या तोडीची. डोंगरात माणसं पाठवली ती वेठीनं. टांकसाळीच्या संग्रहालयात चांदीचे पत्रे लाटायची प्रचंड लाकडी यंत्रं आहेत, खेचरांनी फिरवायची. पोतोसीची नाणी जगभर गेली, सुरतेलाही आली आणि मोगलांच्या टांकसाळीत वितळून त्यांचे रुपये झाले. आजही माणसं त्या डोंगरात खाणकाम करतात आणि पर्यटकांना हेल्मेट घालून ते बघायला नेतात. आम्ही गेलो नाही. दुसऱ्याचा जीव धोक्यात असताना तिथं फोटो काढायचा, हे आम्हा दोघांनाही पटलं नाही, आणि त्या दिवशी त्यावर वादही झाला नाही.

उयुनीचं मिठाचं मैदान सुमारे १०,५०० चौरस किलोमीटरचं आहे. तिथून जीपनं, लाल पाण्याची सरोवरं आणि रोहितांचे थवे बघत चिलीच्या सीमेवर पोचलो. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. आपल्याकडे उजनीला येतात ते यांचे चुलते. चिली शेतीच्या बाबतीत फार कडक आहे. फळं, बी-बियाणं, मध काहीही लपवून न्यायचं नाही, फॉर्मवर लिहायचं. आम्ही सगळं लिहिलं. अधिकारी बाईंनी मेतकुटाचा डबा उघडला, हुंगला, शिंकल्या, सहकाऱ्याला हुंगायला दिला आणि परत केला. अख्खे धणे मात्र ठेवून घेतले. बी आहे, रुजू शकतं. बरोबरच आहे त्यांचं.

सीमेवरून तासाभरात बस दोन हजार मीटर खाली उतरते, सान पेद्रो दे आताकामाला. तिथं आम्ही दोघंही जेवलो आणि झोपलो, भरपूर. जवळच ५००० मीटरवर आल्मा ही वेधशाळा आहे, ६६ अँटेनांची. आमच्या पुणे जिल्ह्यात खोडदला जीएमआरटी आहे, ३० अँटेनांची. खोडदची दुर्बीण लांब रेडिओलहरी टिपते, त्यांना हवेतल्या बाष्पाची फारशी अडचण होत नाही. आल्मा टिपते त्या लहरी मिलिमीटरच्या, बाष्पात विरून जाणाऱ्या, म्हणून जगातल्या अत्यंत कोरड्या वाळवंटात आणि तेही इतक्या उंचीवर. उंचीनं आम्हाला छळलं, पण खगोलशास्त्रज्ञ तिच्याचसाठी तिथं जातात.

सान्तियागोहून अर्जेंटिनात जाताना अँडीज शेवटचा ओलांडला. उजव्या-डाव्या वळणांचा घाट, बोगदा आणि पलीकडे आकोंकाग्वा, ६९६१ मीटर. आशिया सोडला तर जगात याहून उंच शिखर नाही. ब्वेनोस आयरेसमध्ये रात्री दहाला लोक जेवायला बाहेर पडतात आणि पिझ्झ्याबरोबर 'फाइना' खातात. ते हरभऱ्याच्या पिठाचं, चक्क आपलं जाडसर धिरडं. रवींद्रनाथ टागोर १९२४ साली पेरूला जायला निघाले होते. आजारी पडल्यानं याच शहराजवळ लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या पाहुणचारात राहिले आणि पेरूला पोचलेच नाहीत. अँडीज त्यांच्या वाट्याला आला नाही.

तुमच्यापैकी कुणी जायचं मनात आणत असेल, तर थोड्या गोष्टी सांगते. ३००० मीटरच्या वर गेलात की रोज मुक्कामाची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवू नका. रक्तदाब, हृदय, दमा यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि पेरू, बोलिव्हियाहून परतताना आपल्या विमानतळावर पीतज्वराच्या लशीचा दाखला मागतात. तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. दाखला लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो आणि ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, तिथं नंबर लावावा लागतो. तेव्हा लस आधी घ्या, तिकीट मग काढा.