दोन आयतालेखांतला फरक

आजचा विषय डोळ्यांचा आणि माध्यम कानांचं, तेव्हा चित्र तुम्हालाच मनात काढावं लागेल. दहावीच्या गणितातला आयतालेख आठवत असेल: आडव्या अक्षावर वर्ग, उभ्या अक्षावर वारंवारता आणि एकमेकांना खेटून उभे असलेले आयत. एक आयतालेख कोणीही वाचतो. पण नवं औषध घेतलेले रुग्ण आणि न घेतलेले रुग्ण असे दोन गट शेजारी आले, की दोन आयतालेख एकाच अक्षांवर, एकावर एक काढावे लागतात. घोटाळा होतो तो तिथे.

खरं उदाहरण घेऊ. अंटार्क्टिकातल्या पामर बेटसमूहावर २००७ ते २००९ या काळात पेंग्विनांची मापं घेतली गेली. 'आर' या संगणकभाषेत ही माहिती शिकवायला सर्रास वापरतात. २०२५पासून तर ती 'आर'बरोबरच येते. तिच्यात पंखाची लांबी मोजलेले अ‍ॅडेली जातीचे पक्षी १५१ आहेत आणि चिनस्ट्रॅप जातीचे ६८. अ‍ॅडेलीची सरासरी सुमारे १९० मिलिमीटर, चिनस्ट्रॅपची सुमारे १९६. फरक जेमतेम सहा मिलिमीटरांचा, म्हणजे दोन्ही आयतालेख एकमेकांवर चढणारच.

नुसते काढले तर वरचा खालच्याला झाकतो. म्हणून रंग अर्धपारदर्शक करण्याची रीत पडली. एक लाल, एक निळा; जिथे दोन्ही आहेत तिथे जांभळा. आता सूचीत रंग दोन आणि चित्रात तीन. हा जांभळा कोणत्या पक्ष्याचा, असं पाहणाऱ्यानं विचारलं तर चूक त्याची नव्हे. त्यातून लाल-हिरवी जोडी घेतली, तर ज्यांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत त्यांच्यासाठी सगळंच एक. निळा आणि नारिंगी त्या मानानं सुरक्षित.

'आर'मध्ये आलेख काढायला 'जीजीप्लॉट-टू' हे पॅकेज वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. तिथे काही सांगितलं नाही, तर एका गटाचे आयत दुसऱ्याच्या डोक्यावर रचले जातात. चित्र नीटनेटकं दिसतं, पण वरच्या गटाचा आयत शून्यापासून सुरूच होत नाही. दोन्ही गट शून्यापासून हवे असतील तर 'पोझिशन'ला 'आयडेंटिटी' सांगावं लागतं.

पण रंगांच्या आधीची दोन कामं जास्त महत्त्वाची. पहिलं, दोन्ही गटांच्या वर्गमर्यादा एकच हव्यात. प्रत्येक गटाचे वर्ग संगणकावर सोडले, तर तो प्रत्येकासाठी वेगळे पाडू शकतो आणि मग तुलना कशाची कशाशी, हेच कळत नाही. दुसरं, संख्या नको, टक्केवारी हवी. १५१ पक्ष्यांपुढे ६८ पक्षी बऱ्याच ठिकाणी बुटके दिसणार. त्यातून गटाचा आकार जास्त कळतो, पंखांबद्दल कमी.

एवढं करूनही डोळा फसतो. विल्यम प्लेफेअरनं १७८६ साली इंग्लंडच्या व्यापाराचे आलेख छापले. त्यातल्या एका आलेखात ईस्ट इंडीजशी असलेल्या व्यापारातल्या आयातीची एक रेषा आहे आणि निर्यातीची दुसरी. दोन्हींमधलं अंतर म्हणजे व्यापारातली तफावत. जवळजवळ दोनशे वर्षांनी, १९८४ साली, विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी तीच तफावत वजाबाकी करून वेगळी काढली. १७६० नंतर लगेच ती एकदम वाढून पुन्हा उतरलेली दिसली. मूळ चित्रात हा उंचवटा सहज नजरेतून सुटतो. कारण दोन रेषांमधलं अंतर पाहताना डोळा उभं अंतर मोजत नाही, जवळातलं जवळचं अंतर मोजतो. रेषा चढत्या असल्या की तो हमखास चुकतो.

तेव्हा आयतालेखांतही वजाबाकी पाहणाऱ्यावर सोडू नये. संगणकाकडे प्रत्येक वर्गातले दोन्ही आकडे असतातच. एक उपाय असा: दोन्हींपैकी लहान उंचीपर्यंतचा भाग करडा रंगवायचा आणि त्यावरचा जादा भाग ज्याचा असेल त्याच्या रंगात. समान तेवढं मागे सरतं, वेगळं तेवढं पुढे येतं. 'आर'मध्ये 'पीमिन' हे फंक्शन प्रत्येक वर्गातली लहान उंची काढून देतं. मला स्वतःला दुसरा उपाय जास्त पटतो. आयतालेखांच्या खाली, त्याच आडव्या अक्षाला धरून, एक लहान चौकट काढायची. मध्ये शून्याची रेषा. चिनस्ट्रॅपची टक्केवारी जास्त असेल तिथे आयत वर, अ‍ॅडेलीची जास्त असेल तिथे खाली. याला जागा थोडी जास्त लागते, ती द्यावी.

तरी दिसलेला प्रत्येक फरक खरा मानू नये. एखाद्या वर्गात शंभर नोंदी असतील तर योगायोगानं दहाएक इकडेतिकडे होतात. चार असतील तर दोनेक. म्हणजे हेलकावा साधारण संख्येच्या वर्गमुळाइतका. म्हणूनच संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी मोजलेल्या वारंवारतेचं वर्गमूळ घेऊन आयत काढत. तसं केलं की लहान वर्ग असो वा मोठा, योगायोगाचा हेलकावा जवळपास सारखाच राहतो आणि उरलेला फरक एका मापानं पाहता येतो. अशा आलेखाला ते रूटोग्राम म्हणत.

टक्केवारीच्या चित्रातून मात्र मूळ संख्या पुसली जाते. तेव्हा असा आलेख काढाल त्या वेळी दोन्ही गटांची संख्या त्याच्याखाली जरूर लिहा: अ‍ॅडेली १५१, चिनस्ट्रॅप ६८. अडुसष्टांच्या आयतालेखात तीन टक्क्यांचा उंचवटा म्हणजे अवघे दोन पक्षी.